वीस थेंबांचा एक मिली

नागपूरच्या मे महिन्यात
कूलरच्या घरघरीत सगळे आवाज बुडतात.
वाळ्याच्या ओल्या ताट्या, फिनाईल, शिळा भात,
अडतीस खाटा, आणि रात्रपाळीला आम्ही दोघी.

गणित मला झोपेतही येतं.
वीस थेंबांचा एक मिली,
पाचशेची बाटली आठ तासांत,
म्हणजे मिनिटाला एकवीस.
घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला,
अंगठ्यानं चाक एवढंसं वर, एवढंसं खाली.
मग पुढची खाट.

बाकीचं नातेवाइकांवर.
"सलाईनकडे लक्ष ठेवा हं" म्हटलं
की काटोलचा, कळमेश्वरचा कोणीतरी
रात्रभर बसायचा
विहिरीत डोकावतात तसा, फक्त वर बघत.
आणि अनवाणी धावत यायचा,
"सिस्टर, संपून राहिली ना!"

चौदा नंबरला बेबीनंदा उईके होती.
हृदय अशक्त, थेंब मोजून द्यायचे, मिनिटाला आठ.
नवरा वीटभट्टीवरून थेट आलेला, नखांत लाल माती.
त्याला वाटलं, एवढं हळू जातंय
तर ही बरी कधी होणार.
त्यानं चाक सोडलं.
प्रेमानं सोडलं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.
मी तेव्हा एकतिसाव्या खाटेपाशी शीर शोधत होते.
रजिस्टरात पुढे काय लिहिलं ते मला पाठ आहे.
इथे लिहीत नाही.

यंदा पराते नावाचा पोरगा आला,
गोळीबार चौकातला, कोष्ट्याचा.
थेंब पडतो त्या नळकांडीला त्यानं
काडेपेटीएवढी डबी चिमट्यानं लावली.
आत उजेडाची एक रेघ. थेंब तिला तोडतो,
ती मोजते.
"हे सुचलं कुठून तुला?"
"मागावरून, मॅडम. आडवा धागा तुटला
का माग आपोआप थांबते.
एक काटा असते तिथं. बापानं दाखवला होता.
तोच काटा हा. उजेडाचा केला फक्त."
माग विकून चार वर्षं झाली, हे त्यानं
बॅटरी बसवता बसवता सांगितलं.

पहिला आठवडा डब्या नुसत्या ओरडल्या.
कोपर वाकलं, ओरडली.
म्हातारा बाटली हातात धरून संडासला गेला, ओरडली.
शेंडे सिस्टरनं एकीवर उशी ठेवली.
परातेनं रात्री तीनला येऊन, जांभया देत,
कसलेकसले आकडे बदलले.

आणि डब्या मिळाल्या बारा.
अडतीस खाटांना बारा.
कुठल्या बारा, ते रोज संध्याकाळी मला ठरवावं लागतं,
त्याचं गणित मला कोणी शिकवलेलं नाही.
चौदा नंबरला मात्र लावतेच,
खाट रिकामी असली तरी हात तिकडे जातो.

परवा पावणेतीनला टेबलावरचा दिवा लाल झाला.
नऊ नंबर. मिनिटाला त्रेसष्ट.
मी पोचले तेव्हा तो चाकाला हात लावून उभा,
चोर सापडावा तसा. तसाच चेहरा. तीच घाई.
मी चाक बंद केलं. बाईची छाती ऐकली.
कोरडी होती.
त्याच्यावर ओरडायचं ठरवलं होतं, आवाज आला नाही.
"हे आता ही डबी बघेल," एवढंच म्हटलं.
तो डबीकडे बघत राहिला.
"मंग मी काय पाहू?"

"तिच्याकडे पाहा.
पाय गार पडतात का, श्वास कसा चाललाय."
तो लाजला. लग्नाचा माणूस, पण लाजला.
पायाला हात लावला, चेहऱ्याकडे थोडं बघितलं,
आणि सवयीनं पुन्हा वर, बाटलीकडे.

मीही तशीच.
मनगट उलटं केलं, काटा बारावर यायची वाट पाहिली
आणि मोजायला लागले.
एकवीस.
डबीही एकवीसच म्हणत होती.